लॅपटॉपवरचं कुंकू

हे माझ्या बायकोला माहीत नाही. मुलीला नाही. दादाला नव्हतं, आणि आता दादाच नाही, म्हणजे त्याला ते कधी कळायचंही नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती अजून डोंबिवलीत त्याच घरात राहते. दर रविवारी मला फोन करते, "जेवलात का भाऊजी?" विचारते. मी "हो, जेवलो" म्हणतो. बस्स, तेवढंच. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलायची माझ्यात धमक नाही.

सुरुवात कुठून करू? लॅपटॉपपासून? — नको. वहिनीपासून करतो. तिच्यापासून केली नाही तर ही नुसती मशीन बिघडल्याची गोष्ट वाटेल, आणि मशीन बिघडणं हा काही गुन्हा नव्हे.

वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी सातवीत होतो. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. बाबा आधीच गेलेले, आईही गेलेली. दादा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. घरात दोन पुरुष, त्यातला एक हाफ पँटमधला, आणि त्या हाफ पँटमधल्याला ही बाई पहिल्या दिवसापासून "अहो भाऊजी" म्हणायला लागली. बिल्डिंगमधली पोरं खिदळायची. मी तिला सरळ "अगं वहिनी" म्हणायचो, आणि ती मला अहो-जाहो. आजतागायत तसंच आहे.

माहेरहून तिने शिलाई मशीन आणलेलं, पायाने चालवायचं. त्यावर ती बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. माझ्या शाळेच्या चड्ड्या त्यावर शिवल्या, कॉलेजची पहिली पँटही. आणि पुढे नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासची फी दादाला एकदम झेपेना, तेव्हा ती कुठून आली हे मला कुणी सांगितलं नाही, पण त्या महिन्यांत मशीनचा आवाज दुपारीसुद्धा बंद नसायचा. तिने कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं असं आता वाटतं. निदान माझी मान थोडी खाली राहिली असती.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथे अडकलंय. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा असायची. हत्यारं कसली? विळी, कात्री, पक्कड, दादाचं थर्मामीटर, माझी कंपासपेटी. वहिनी ती पाटावर मांडायची आणि मधोमध शिलाई मशीन. दसरा आणि दुसरा दिवस, हे दोन दिवस ती एक टाका घालायची नाही. कुणी ब्लाउजची घाई केली तर म्हणायची, "वर्षभर आपण यांना राबवतो, दोन दिवस यांनी बसून घ्यावं." आणि कुंकू लावायची ती करंगळीशेजारच्या बोटाने, एवढंसं. सांडणं नाही, फासणं नाही. मला आठवतं तसं तिने लावलेल्या कुंकवाचा कण कधी पाटावरसुद्धा पडलेला मी पाहिला नाही. हे लक्षात ठेवा. मला तरी ते विसरता आलेलं नाही.

नव्वदीनंतर कॉम्प्युटरचं वेड आलं. मी क्लास केला, आणि त्याच क्लासात शिकवायला लागलो. शिकवायला म्हणजे काय — कालच्या पोराने आजच्या पोराला माउस कसा धरायचा ते दाखवायचं. पण घरी आलो की तोरा बघायचा! बिल्डिंगमध्ये मला सगळे कॉम्प्युटरवाला म्हणायचे. कुणाचा कॅलक्युलेटर बंद पडला तरी मला हाक. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेलो मी, दुसरं काही नाही.

त्या वर्षी — नवी विंडोज येऊन थोडेच दिवस झालेले, जो तो तिच्याबद्दल बोलत होता — दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादा कारखान्यातून लॅपटॉप घेऊन आला. मालकांनी परदेशातून आणलेला, अख्ख्या कारखान्यात एकच. मालक नवा प्लांट काढत होते आणि त्याचा प्रमुख म्हणून दादाचं नाव घेतलं जात होतं. रंगांच्या दोन वर्षांच्या ट्रायलचे आकडे दादाने त्या लॅपटॉपमध्ये स्वतः बसून भरलेले. सुट्टीत त्याचा शेवटचा रिपोर्ट करायचा आणि शनिवारी सकाळी मालकांसमोर ठेवायचा. दादा लॅपटॉप असा धरायचा की जिन्यात समोरून माणूस आला तर भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. वहिनीने त्यासाठी जुन्या साडीची पिशवी शिवली, आतून कापूस घालून.

दसऱ्याला तिने तोही पाटावर ठेवला. ठेवायच्या आधी माझ्याकडे आली. मी श्रीखंड-पुरी खात होतो. म्हणाली, "भाऊजी, याला कुंकू लावलेलं चालेल ना? बिघडायचं नाही ना काही? तुम्हाला कळतं यातलं."

मी मान वर न करता म्हणालो, "लाव की गं. काय होतंय त्याला."

तिने लॅपटॉप मिटलेला आहे ना ते दादाला विचारून घेतलं. झाकणाच्या एका कोपऱ्यात बोट टेकवलं. झेंडूचं फूल वर ठेवलं नाही, बाजूला ठेवलं, फुलाला पाणी असतं म्हणून. संध्याकाळी कोरड्या फडक्याने ते कुंकू पुसून घेतलं. हे सगळं मी पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं.

दुसरा दिवस शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. दादाला शहाडला आत्याकडे सोनं द्यायला जायचं होतं. निघण्याआधी तो लॅपटॉपवर खुटखुट करत बसलेला आणि कुरकुरत होता, की हे फार हळू चालतंय. झालं! मला तेवढंच पुरे होतं. माझ्या बॅगेत नव्या विंडोजच्या डझनभर फ्लॉप्या होत्या, क्लासमधल्या मित्राच्या सेटवरून कॉपी केलेल्या. म्हणालो, "दादा, तू ये जाऊन. संध्याकाळपर्यंत नवी सिस्टीम टाकून देतो. बघ कसं पळतं."

दादा कचरला. म्हणाला, "माझ्या कामाला धक्का लागता कामा नये हं. कॉपी काढून ठेवलीस?"

"काढली."

काढली नव्हती. मग 'नाही' असं का म्हणालो नाही? — अहो, नंतर काढणारच होतो ना! असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. कॉपी काढायला कोऱ्या फ्लॉप्या लागतात, त्या नव्हत्या, आणत बसायचा कंटाळा. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

दादा गेला. मी बसलो.

पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह कर्र कर्र वाजायला लागला. स्क्रीनवर पट्टी पुढे सरकली. दुसरी घाला म्हणाला, घातली. तिसरी. छान चाललेलं. वहिनी चहा ठेवून गेली. मी शीळ घालत होतो. आणि शेवटच्या दोन-तीन उरल्या असताना एक फ्लॉपी घातली, कर्र कर्र झालं, आणि पट्टी थांबली. वाचता येत नाही म्हणे. पुन्हा प्रयत्न करा.

केला. पुन्हा तेच. फ्लॉपी काढली, फुंकर मारली, मांडीवर आपटली, घातली. तेच. शर्टाच्या टोकाने पुसली. तेच. सेटअप बंद केला, पुन्हा पहिल्यापासून सगळ्या फ्लॉप्या. पुन्हा त्याच फ्लॉपीवर गाडी अडली. आता मशीन बंद करून चालू केलं, तर जुनी सिस्टीमही येईना. काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारी ती रेघ. अर्धी नवी आत गेलेली, अर्धी जुनी मोडलेली. हातचंही गेलं आणि पळतंही सापडेना.

घाम फुटला मला. पंखा फुल्ल चालू होता तरी. आणि सांगतो, मला त्या पंख्याचाच राग आला. कारण डोंबिवलीत शुक्रवारी लाईट जाते. कारखाने बंद, म्हणून दुरुस्ती काढतात, सकाळी गेली की दुपार करते. वर्षानुवर्षं आम्ही प्रत्येक गोष्ट त्या लाईटवर ढकलत आलोय — डाळ शिजली नाही, लाईट नव्हती. अभ्यास झाला नाही, लाईट नव्हती. मनात म्हणत होतो, जा बाबा, आता जा, निदान सांगायला होईल. पण सणाचे दिवस होते, त्या शुक्रवारी लाईट गेलीच नाही. पंखा आपला फिरतोय.

वहिनी डोकावली. "झालं का भाऊजी? जेवायला वाढू?"

"मध्ये मध्ये बोलू नकोस!" मी खेकसलो. ती गेली.

आता नीट ऐका. या घडीला दादाचं एक अक्षरही गेलेलं नव्हतं. सिस्टीम मोडलेली, पण त्याचे आकडे आत जसेच्या तसे होते. खालच्या मजल्यावर फोन होता. मित्राला फोन करून "फसलोय रे, काय करू" एवढं विचारलं असतं तर त्याने नवी फ्लॉपी आणून दिली असती, नाहीतर आहे ते वाचवायची युक्ती सांगितली असती. एक जिना उतरून फोन करायचा होता. नाही केला. मी शिकवणारा, ना! मी कुणाला विचारू?

त्यापेक्षा ठरवलं की डिस्क साफ पुसून नव्याने सगळं टाकायचं. फॉर्मॅट म्हणतात त्याला. आमच्या क्लासातल्या मशीनवर डिस्कचे दोन कप्पे केलेले असायचे, एकात सिस्टीम, दुसऱ्यात आपली कामं. पहिला पुसला तरी दुसरा सुखरूप. इथेही तसंच असणार. असणार! बघितलं का मी? नाही. बघायला एक ओळ टाईप करावी लागली असती. मी दुसरी ओळ टाईप केली. मशीनने विचारलंही — सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, वाय की एन? माणूस विचारणार नाही इतकं स्पष्ट विचारलं.

मी वाय दाबलं. जोरात दाबलं. मशीनवर चिडलेलो ना.

टक्के वाढत गेले. शंभर झाले. मग मी तो दुसरा कप्पा उघडायला गेलो. असा कप्पाच नाही, असं उत्तर आलं. पुन्हा टाईप केलं, वाटलं चुकून दुसरं अक्षर दाबलं असेल. नाही. पुन्हा केलं. एकच कप्पा होता, आणि तो मी पुसला होता. दादाची दोन वर्षं. नवा प्लांट. सगळं.

तुमच्या हातून कधी असं झालंय? की झालेलं कळलंय, पण अंग ते मान्य करत नाही? मी ताडकन उठलो, मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसलो, जणू परत बसल्यावर आकडे आलेले असतील. मग वेड्यासारख्या पुन्हा फ्लॉप्या घालत सुटलो. आणि गंमत बघा, ती अडलेली फ्लॉपी या खेपेला सुरळीत वाचली गेली! का, कुणास ठाऊक. नवी विंडोज झोकात चालू झाली. निळं आभाळ, पांढरे ढग. आत काही नाही.

संध्याकाळी दादा आला. चपला काढता काढताच विचारलं, "झालं?"

आणि मी बोललो. तोंडातून कसं इतकं सफाईने आलं, देव जाणे. म्हणालो, "दादा, बस. हार्ड डिस्क खराब झालेली. आत कुंकू गेलेलं. कालच्या पूजेचं. फ्लॉपीच्या खाचेतून आत उतरलं आणि सगळं चिकटलं. ती कॉपीसुद्धा त्याच ड्राइव्हवर काढलेली, तीही वाचेना. मला सगळं पुसायला लागलं. मशीन तरी वाचवलं मी, नाहीतर भंगारात गेलं असतं."

मशीन तरी वाचवलं मी! हे शब्द माझे आहेत.

दादा म्हणाला, "काहीतरी बोलू नकोस. दाखव." मी लॅपटॉप उचलून फ्लॉपीची खाच त्याच्यासमोर धरली. खाचेच्या तोंडाशी लाल होतं. दादाने बोट लावलं, बोटाला कुंकू आलं. तो त्या बोटाकडे बघत राहिला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात परात होती, कणकेची. तिने माझ्याकडे पाहिलं. "मी विचारलं होतं की हो भाऊजींना" — एवढं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. मी वाट बघत होतो तिने ते म्हणायची, आणि म्हणालीच तर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलेलं: मी वर लाव म्हणालो, आत ओत नाही म्हणालो. बघा, उत्तरसुद्धा तयार होतं माझं. पण ती नाही म्हणाली. परात खाली ठेवून म्हणाली, "माझंच चुकलं. हात जड पडला असेल माझा."

दादा ओरडला असता तर परवडलं असतं. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "शिकल्यासवरल्या घरात यंत्राला कुंकू. हे असलं होणारच." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. अहो, त्याच्याच कारखान्यात दसऱ्याला बॉयलरला हार घालतात, टाक्यांना स्वस्तिक काढतात, ट्रकच्या चाकाखाली नारळ फोडतात, आणि तिथे दादा स्वतः टोपी घालून उभा असतो! हे मला त्याला सांगता आलं असतं. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर मी तावातावाने सांगितलंही असतं.

शनिवारी दादा कारखान्यात गेला आणि जे घरी ऐकलं तेच त्याने मालकांना सांगितलं. दुसरं काय सांगणार? नवा प्लांट दुसऱ्याला मिळाला. ट्रायलचे सुटे कागद जुळवत दादा पुढे कित्येक महिने बसायचा. आणि कुंकवाची गोष्ट एमआयडीसीभर झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी कुणाकडे गेली, तर एकीने हसत म्हटलं, "बाई बाई, आमच्या टीव्हीपासून लांब बसा हं!" वहिनीही हसली. घरी येऊन तिने मला ते हसत हसतच सांगितलं. मी काय केलं? मीही हसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत पाठ केलेली, आणि घरात वापरून दाखवली.

थांबा. एक गोष्ट मी मघाशी गाळली. तुमच्या लक्षात आली असेल. वहिनीने कुंकू झाकणाच्या कोपऱ्यात लावलं, एवढंसं लावलं, आणि संध्याकाळी पुसलं. मग फ्लॉपीच्या खाचेत लाल कुठून आलं?

ते सांगायलाच तर बसलोय. आणि तिथे यायला किती वळसे घेतले बघा — शिलाई मशीन झालं, फ्लॉप्या झाल्या, लाईट झाली.

डिस्क पुसली गेल्यावर, विंडोज चालू झाल्यावर, दादा यायच्या आधी वहिनी गिरणीवर गेली. जाताना म्हणाली, "दळण घेऊन येते, दार लोटून घेते." मी घरात एकटा. समोर ते निळं आभाळ. मनात काय काय चाललेलं — व्हायरस म्हणू? दादा विचारेल, आला कुठून, तर तुझ्याच फ्लॉपीतून. लाईट म्हणू? गेलीच नाही, सगळ्या बिल्डिंगला माहीत. आणि नजर पाटाकडे गेली. झेंडू सुकलेला. शिलाई मशीनवरचं कुंकू तसंच.

मी उठलो. देव्हाऱ्यातून तिचा करंडा घेतला. पितळेचा, तिच्या आईने दिलेला. झाकण काढलं. काडेपेटीतली एक काडी घेतली. तिच्या मागच्या टोकावर कुंकू घेतलं आणि फ्लॉपीच्या खाचेत लावलं. थोडं आत, थोडं तोंडाशी, दिसेल असं. मग करंड्याचं झाकण लावलं, होता तिथे ठेवला, काडी खिडकीतून टाकली, हात धुतले. आणि तिच्या येण्याची चाहूल लागली तेव्हा मी कपाळाला हात लावून लॅपटॉपसमोर बसलेलो.

म्हणजे ते रागाच्या भरात तोंडातून निसटलेलं खोटं नव्हतं. तसं असतं तर निदान... नाही, काही नाही. मी पुरावा तयार केला होता. तिच्या करंड्यातून.

आणि त्याच रात्री जेवणं झाल्यावर वहिनी लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली. दादाला म्हणाली, सकाळी द्यायचाय तर निदान स्वच्छ करून द्यावा. देवासाठी वळलेल्या कापसाच्या वाती घेतल्या तिने. एकेक वात खाचेत फिरवून ती कुंकू काढत होती. टिपं गाळत होती आणि ती मशीनवर पडू नयेत म्हणून पदराने गाल पुसत होती. मी समोर बसून पाहिलं. मला म्हणाली, "भाऊजी, तुमचा दिवस गेला हो माझ्यापायी."

मी काय म्हणालो, तर "जाऊ दे गं." माफ केलं मी तिला! कळतंय का तुम्हाला? मी तिला माफ केलं.

पुढच्या दसऱ्याला तिने पाट मांडला, विळी, कात्री, शिलाई मशीन, सगळं नेहमीसारखं. आणि करंडा दादाच्या हातात दिला. "तुम्ही लावा. माझा हात नको." दादा वैतागला, अंगठ्याने कसंतरी फासलं. तिच्या स्वतःच्या मशीनला, ज्याच्यावर तिने मला वाढवलं त्याला, तिने कुंकू लावलं नाही. त्या वर्षी नाही, आणि नंतरही नाही. मिक्सर आला, फ्रिज आला, फोन आला, ती पहिल्या दिवशी हात लावायची नाही. दुसऱ्या कुणीतरी चालू करावं, मग ती. दादा कधीतरी म्हणायचाही, "पुरे झालं आता ते." तो विसरला होता. ती नाही विसरली. तिला खरंच वाटत होतं की आपला हात वाईट आहे.

मला कितीदा संधी होती? मोजलं नाही. ती भाजी निवडत बसलेली असायची आणि मी शेजारी पेपर वाचत असायचो. घरात दुसरं कुणी नाही. एक वाक्य होतं. मी पानं उलटत राहायचो.

दोनेक वर्षांनी मी नौपाड्यात स्वतःचं दुकान काढलं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. छोटा गाळा, दवाखान्याच्या शेजारी. मुहूर्त दसऱ्याचा. टेबलावर मशीनं मांडलेली, दाराला झेंडू-आंब्याचं तोरण. दादा-वहिनी डोंबिवलीहून आले. वहिनीने पेढे आणलेले, आणि पिशवीतून तो करंडा काढला. तोच, पितळेचा. दादा त्या दिवशी खुशीत होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं, आज तरी तू लाव. तूच वाढवलंयस याला. तुझ्या हाताने होऊ दे."

मीही म्हणालो, "लाव ना वहिनी." म्हणालो. माझी जीभ झडली नाही.

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. पटकन, चटका बसल्यासारखे. "नको नको. शुभ दिवस आहे, माझा हात नको मशीनला. भाऊजी, तुम्हीच लावा. तुमच्या हाताला यश आहे, त्या दिवशी मशीन तुम्हीच तर वाचवलंत." आणि करंडा माझ्यापुढे धरला. झाकणसुद्धा तिनेच काढून दिलं.

सगळे बघत होते. मी बोट बुडवलं. पहिल्या मशीनकडे वळलो तेवढ्यात तिने मागून माझा शर्ट हलकेच ओढला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "वरच लावा हं भाऊजी. आत जाऊ देऊ नका."

"बरं," मी म्हणालो, आणि लावलं.